१२३४५६७८९० ही संख्या आतून कशी आहे

प्रश्न असा आहे की १२३४५६७८९० ही संख्या घेतली तर तिच्याबद्दल काय काय सांगता येतं, म्हणजे मूळ अवयव कोणते, विभाजक किती, दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, आणि हे सगळं कागद-पेनानं निघतं की प्रोग्रामच लागतो. शिवाय शेवटी विचारलंय की हेच दहा आकडे परत एकदा पुढे जोडून वीस अंकी संख्या केली तर काम किती वाढेल.

बरीच वर्षं मी हेच करतोय, संख्यांचे अवयव पाडायचे, मूळ आहे की नाही तपासायचं, त्यासाठी प्रोग्राम लिहायचे. त्यामुळे सविस्तर लिहितो, कारण ही संख्या दिसायला कीबोर्डवरून नुसतं बोट फिरवल्यासारखी आहे पण आत भरपूर माल आहे. आणि जवळजवळ सगळं हातानं निघतं, हे आधीच सांगतो.

आधी सोपं सोपं उरकून घेऊ. शेवटी शून्य आहे म्हणजे २ आणि ५ नं भाग जातोच. अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ नंही जातो. (ही बेरीज आकड्यांच्या क्रमावर अवलंबून नसते, म्हणून ० ते ९ हे दहाही आकडे एकेकदा वापरून कुठलीही दहा अंकी संख्या बनवा, ती कधीच मूळ संख्या असणार नाही. अनेक जण असा प्राइम शोधत बसतात, तो नाहीये.) आता ७, ११ आणि १३ साठी वेगवेगळे भागाकार करू नका, १००१ = ७ × ११ × १३ हे डोक्यात ठेवा, संख्येचे उजवीकडून तीन-तीनचे गट पाडा आणि एकाआड एक वजा-अधिक करा. ८९० − ५६७ + २३४ − १ = ५५६. या ५५६ ला ७ नं भागलं की बाकी ३, ११ नं ६, १३ नं १०, म्हणजे तिघांपैकी कुणीच नाही. एका वजाबाकीत तीन कसोट्या झाल्या.

२, ५ आणि ९ काढून टाकले की उरतं १२३४५६७८९० ÷ ९० = १,३७,१७,४२१. खरं काम इथून सुरू होतं.

शाळेत शिकवलेली पद्धत म्हणजे १७, १९, २३ असं एकेका मूळ संख्येनं भागत जायचं. मी पण शिकत असताना असंच केलं होतं, वही उघडली आणि भागत सुटलो, चारशेच्या आसपास पोचेपर्यंत पानं भरली, त्यात मध्ये एक भागाकार चुकला असं वाटून परत मागे गेलो, आणि शेवटी सोडून दिलं. नंतर कळलं की ज्या मूळ संख्येनं भाग जातो ती मूळ संख्यांच्या यादीत ५०४ वी आहे. म्हणजे अजून कितीतरी पानं लागली असती. शिकवणाऱ्यांनी वही बघितली आणि एवढंच विचारलं, की वर्गमूळाच्या जवळ बघितलंस का.

तेच आता करू. १,३७,१७,४२१ चं वर्गमूळ साधारण ३७०३.७. त्याच्या लगेच वरचा पूर्णांक ३७०४. त्याचा वर्ग १,३७,१९,६१६. त्यातून आपली संख्या वजा केली की २१९५. हा पूर्ण वर्ग आहे का? ४६ चा वर्ग २११६, ४७ चा २२०९, म्हणजे नाही. पुढचा घ्या, ३७०५. वर्ग १,३७,२७,०२५. वजाबाकी ९६०४. आणि ९६०४ म्हणजे ९८ × ९८!

झालं. १,३७,१७,४२१ = ३७०५ चा वर्ग वजा ९८ चा वर्ग, म्हणजेच (३७०५ − ९८) × (३७०५ + ९८) = ३६०७ × ३८०३. दुसऱ्याच प्रयत्नात. याला फर्माची पद्धत म्हणतात, फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची, सतराव्या शतकातली, पण दोन वर्गांच्या फरकातून अवयव काढायची कल्पना त्याच्या आधी नारायण पंडितांच्या १३५६ च्या गणितकौमुदीतही आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. ३६०७ आणि ३८०३ स्वतः मूळ आहेत का हे बघायला फक्त ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. आहेत दोन्ही मूळ.

तर पूर्ण उत्तर: १२३४५६७८९० = २ × ३ × ३ × ५ × ३६०७ × ३८०३.

इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. फर्माची पद्धत इतकी पटकन लागली कारण ३६०७ आणि ३८०३ एकमेकांच्या फार जवळ आहेत. हेच दोन अवयव १०१ आणि एक लाख छत्तीस हजारांच्या आसपासचं काहीतरी असे असते तर भागाकारानं चटकन सुटलं असतं आणि फर्माच्या पद्धतीनं जन्मभर बसावं लागलं असतं. म्हणजे संख्या फोडायला अवघड आहे की सोपी हे तिच्या अंकांच्या संख्येवरून ठरवता येत नाही, अवयव कसे पडलेत त्यावरून ठरतं. आरएसए नावाच्या, संदेश गुप्त ठेवायच्या पद्धतीत दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार वापरतात, आणि तिथे त्या दोन संख्या फार जवळ नसाव्यात अशी अट असते ती नेमकी याच कारणासाठी, नाहीतर शेकडो अंकी गुणाकारसुद्धा आपल्या वरच्या उदाहरणासारखा दोन ओळीत उघडतो. अंक किती यावर भरवसा ठेवू नका याचं दुसरं टोक बघा: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही चार कोटींहून जास्त अंकांची संख्या मूळ आहे हे २०२४ मध्ये ठरवता आलं, आणि आरएसए-२५० नावाची फक्त २५० अंकी संख्या फोडायला २०२० साल उजाडलं, तेही हजारो कोअर-वर्षांचा (प्रोसेसरचा एक कोअर वर्षभर चालला की एक कोअर-वर्ष) कॉम्प्युटर वेळ खर्चून.

आता अवयव हातात आहेत म्हटल्यावर बाकीची उत्तरं पटापट.

विभाजक किती? प्रत्येक अवयवाच्या घातांकात १ मिळवून गुणाकार: २ × ३ × २ × २ × २ = ४८. म्हणजे २४ जोड्या. सगळ्या विभाजकांची बेरीज ३ × १३ × ६ × ३६०८ × ३८०४ = ३,२१,१६,१०,६८८. यातून संख्या स्वतः वजा केली तरी १,९७,७०,४२,७९८ उरतात, संख्येपेक्षा जास्त. यात नवल काही नाही, ६ पेक्षा मोठ्या, ६ नं भाग जाणाऱ्या कुठल्याही संख्येचं असंच होतं. आणि १ पासून संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असलेल्या, म्हणजे १ सोडून दुसरा सामाईक विभाजक नसलेल्या संख्या किती? १ × ६ × ४ × ३६०६ × ३८०२ = ३२,९०,४०,२८८. शंभरातल्या साधारण सत्तावीस. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दोन वर्गांची बेरीज? नाही होत. ज्या मूळ संख्येला ४ नं भागल्यावर बाकी ३ उरते ती मूळ संख्या अवयवांमध्ये सम वेळा आली पाहिजे, तरच संख्या दोन वर्गांची बेरीज होते. आपल्याकडे ३ दोनदा आलाय, ते ठीक. पण ३६०७ आणि ३८०३ दोघांनाही ४ नं भागून बाकी ३ उरते आणि दोघंही एकेकदाच आलेत. एक जरी असता तरी खेळ संपला असता.

मग दोन वर्गांचा फरक? तोही नाही, आणि याला तर अवयवही लागत नाहीत. वर्गाला ४ नं भागलं की बाकी ० किंवा १ च असते, त्यामुळे दोन वर्गांच्या फरकाची बाकी ०, १ किंवा ३ येते, २ कधीच नाही. आपल्या संख्येचे शेवटचे दोन अंक ९०, बाकी २. विषय संपला. (शेवटचं शून्य काढून टाकलं तर मात्र १२३४५६७८९ = ११११५ चा वर्ग वजा २९४ चा वर्ग. वरच्याच ३७०५ आणि ९८ ला ३ नं गुणलंय, बघा ताडून.)

तीन वर्गांची बेरीज मात्र होते. जी संख्या ४ नं पूर्ण भागून भागून शेवटी ८ नं भागल्यावर बाकी ७ देते तीच फक्त तीन वर्गांत बसत नाही, आणि आपल्या संख्येची ८ नं बाकी २ आहे. पण होते म्हणून सांगणं वेगळं आणि काढून दाखवणं वेगळं. मी वर्गमूळाजवळून, म्हणजे ३५१३६ पासून खाली एकेक करत आलो, वजाबाकी करायची, उरलेल्या संख्येचे अवयव पाडायचे, वरची ४ ची कसोटी लावायची. ३५१३६ ला उरले २९,३९४, त्यात २३ एकदाच येतो, बाद. ३५१३५ ला ९९,६६५, त्यात ३१ एकदाच, बाद. ३५१३४ पण बाद. ३५१३३ ला उरले २,४०,२०१ = ९ × १३ × २०५३, आणि १३ व २०५३ दोघंही ४ नं भागून बाकी १ देणारे, म्हणजे चालतं. १३ = ९ + ४, २०५३ = ४२ चा वर्ग अधिक १७ चा वर्ग, हे दोन जोडले आणि ३ नं गुणले की ४८० आणि ९९ मिळतात. म्हणजे १२३४५६७८९० = ३५१३३ चा वर्ग + ४८० चा वर्ग + ९९ चा वर्ग. कॅल्क्युलेटरवर करून बघा, बरोबर येतं.

आता मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग. १ भागिले १२३४५६७८९० केलं तर दशांशात काय होतं? २ आणि ५ एकेकदा आहेत म्हणून दशांशचिन्हानंतरचा पहिला एक अंक आवर्तनाच्या बाहेर, आणि त्यापुढे आवर्तन सुरू. आवर्तन किती लांब? त्यासाठी १० चा कितवा घात ३६०७ नं भागल्यावर बाकी १ देतो आणि कितवा ३८०३ नं, हे शोधायचं. ९ ची काही भानगड नाही कारण १० ला ९ नं भागून बाकी १ च असते.

३८०३ साठी: हा घात नेहमी एकनं कमी संख्येचा, म्हणजे ३८०२ चा विभाजक असतो, आणि ३८०२ = २ × १९०१, त्यात १९०१ मूळ आहे. १० हा ३८०३ च्या हिशेबात वर्गबाकी निघतो, म्हणजे कुठल्यातरी वर्गाला ३८०३ नं भागलं की बाकी १० उरते (२ पण नाही, ५ पण नाही, दोन नाहींचा गुणाकार होय), त्यामुळे उत्तर १९०१ शिवाय दुसरं असूच शकत नाही. ३६०७ साठी जरा मेहनत आहे: ३६०६ = २ × ३ × ६०१. इथे मी खरोखर हातानं घात काढत गेलो, दर पायरीला वर्ग करायचा, ३६०७ नं भागून बाकी ठेवायची, लागेल तिथे १० नं गुणायचं. दहा पायऱ्यांत १० चा ६०१ वा घात आला, बाकी १४००. त्याचा वर्ग म्हणजे १२०२ वा घात, बाकी १३९९. आणि या दोघांचा गुणाकार म्हणजे १८०३ वा घात: १४०० × १३९९ = १९,५८,६००. आता ३६०७ × ५४३ किती? १९,५८,६०१. एकनं कमी! म्हणजे बाकी उणे १. हे कागदावर उतरलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं, कारण असा आकडा समोर आला की आधीची एकही पायरी चुकलेली नाही याची जणू पावतीच मिळते. १२०२ ला बाकी १ नाही, १८०३ ला नाही, आणि सहाव्या घाताचं म्हणाल तर ९९९९९९ मध्ये ३६०७ हा अवयवच नाही, म्हणून उत्तर पूर्ण ३६०६.

१९०१ आणि ३६०६ यांचा लसावि ६८,५५,००६. एवढ्या अंकांनंतर दशांश पहिल्यांदा स्वतःला परत म्हणायला लागतो. एका पानावर तीन हजार अंक मावले तरी सव्वादोन हजारांहून जास्त पानं लागतील एकदा आवर्तन लिहून काढायला. आणि आपण ते एकही अंक न लिहिता सांगितलं.

शेजारच्या संख्येबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. १२३४५६७८९१ ही मूळ संख्या आहे. ते सिद्ध कसं करायचं? वर्गमूळ ३५,१३६ च्या आसपास, म्हणजे तिथपर्यंतच्या साडेतीन हजारांहून जास्त मूळ संख्यांनी भागत बसायचं, हा एक मार्ग. दुसरा मार्ग असा की एखाद्या संख्येतून १ वजा केल्यावर जे उरतं त्याचे अवयव माहीत असतील तर तिची प्राइमपणाची तपासणी एकदम स्वस्तात होते, आणि इथे १ वजा केल्यावर उरते आपलीच संख्या, पूर्ण फोडलेली! पॉकलिंग्टन यांच्या १९१४ च्या कसोटीला तर सगळे अवयवही लागत नाहीत, वर्गमूळापेक्षा मोठा होईल एवढाच भाग पुरतो, आणि ३६०७ × ३८०३ त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. एखादा छोटा पाया घ्या, २ पासून सुरुवात करा, त्याचा १२३४५६७८९० वा घात काढून बाकी १ येते का बघा (वर्ग करत गेलात तर ३० वेळाच वर्ग करावा लागतो), मग ३,४२,२७० वा आणि ३,२४,६३० वा घात काढा, त्यातून १ वजा करा आणि उरलेल्याचा १२३४५६७८९१ शी मसावि १ येतो का तपासा. हे दोन घात म्हणजे ९० × ३८०३ आणि ९० × ३६०७. एखादा पाया नाही चालला तर पुढचा घ्या. आणि वर लक्षात ठेवायला सांगितलेला ३२,९०,४०,२८८ हा आकडा इथे परत भेटतो, कारण १२३४५६७८९१ ला नेमके इतकेच प्रिमिटिव्ह रूट आहेत, म्हणजे ज्यांचे घात काढत गेलं की १ पासून १२३४५६७८९० पर्यंतच्या सगळ्या बाक्या मिळतात अशा संख्या.

कोणी हे प्रोग्राममध्ये करणार असेल तर एक कळकळीची सूचना. १२३४५६७८९० ही संख्या ३२ बिटात आरामात मावते म्हणून लोक साधा इंटिजर घेतात, पण घात काढताना तिचा वर्ग करावा लागतो आणि तो १५ वर सतरा शून्यं एवढा होतो, तो ३२ बिटात मावत नाही, गुपचूप ओव्हरफ्लो होतो आणि एरर न येता चुकीची बाकी मिळते. ६४ बिट घ्या. एक्सेलमध्ये तर हे करूच नका, तिथे पंधरा अंकांपुढचं सगळं शून्य होतं, म्हणजे शेवटचा अंक, जो आपल्याला सगळ्यात जास्त हवा असतो, तोच गेलेला असतो.

राहिला वीस अंकी प्रश्न, १२३४५६७८९०१२३४५६७८९०. काम किती वाढेल? जवळजवळ काहीच नाही. तेच दहा आकडे दोनदा लिहिणं म्हणजे मूळच्या संख्येला १०,००,००,००,००१ नं गुणणं, आणि या गुणकाचे अवयव १०१ × ३५४१ × २७९६१. १०१ आणि ३५४१ भागाकारानंच सापडतात, उरलेल्या २७९६१ साठी १६७ पर्यंतच तपासायचं. म्हणजे वीस अंकी संख्या = २ × ३ × ३ × ५ × १०१ × ३५४१ × ३६०७ × ३८०३ × २७९६१, तीन नवे अवयव एकेकदा आल्यामुळे विभाजक तीनदा दुप्पट झाले, ४८ चे ३८४.